सुटकेसवाला कोल्हा

किस्से गोळा करायचे म्हणून मी काही या धंद्यात आलो नाही. व्हॅनच्या डॅशबोर्डवर पार्किंगची जुनी तिकिटं साचतात ना, कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी फेकतही नाही, तसे हे साचलेत. मित्र जमले की सुरू होतात, "मिलिंद, कोल्ह्याचं एखादं होऊन जाऊ दे!" मी दमून आलेला असतो, गुडघे ठणकत असतात, अंगाला वास येत असतो. तरी सांगतो. न सांगून करतो काय!

तर मी लंडनजवळ स्लाऊमध्ये राहतो, आणि लोकांच्या बागेतल्या लाकडी डेकखाली, शेडखाली मुक्कामाला आलेले कोल्हे घालवणं हे माझं काम. मारायचे नाहीत हं! वासाचं औषध टाकायचं, कोल्हा वैतागून निघून जाईपर्यंत थांबायचं, आणि बीळ रिकामं झालं की जाळी ठोकायची. आमच्या व्हॅनवर एक चित्र आहे : कोल्हा हातात सुटकेस घेऊन निघालाय. लहान मुलं ते बघून हात हलवतात. मोठी माणसं नंबर लिहून घेतात.

* * *

त्याआधी मी बारा वर्षं बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये होतो. बँकांच्या सिस्टिम्स सांभाळायचो. एका सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि अख्खी टीम रिडंडंट! नशीब, तोवर इथे कायम राहायचा पीआर हातात होता. मग आठ महिने घरी. रिक्रूटरचे फोन यायचे, "मिलिंद, एक्सायटिंग अपॉर्च्युनिटी!" आणि पुढे सगळं शांत.

त्या काळात आमच्याच शेडखाली कोल्हा राहायला आला. मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, माणूस बोलावला. तो गॅरी. साठीचा, जाडजूड, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. तीन दिवस मी त्याच्यामागे टॉर्च धरून उभा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "तू दिवसभर घरीच असतोस?"

"हो."

"कोल्ह्याची भीती वाटते?"

"नाही. रिक्रूटरची वाटते."

"सोमवारी सातला ये," गॅरी म्हणाला. झाला इंटरव्ह्यू!

प्रश्न एकच होता. पुण्यात माझे बाबा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, शर्टाची इस्त्री मोडली तर दिवस मोडला म्हणणारे. माझी नोकरी गेली तेव्हा त्यांची नुकतीच बायपास झाली होती. डॉक्टरांनी बजावलं, टेन्शन देऊ नका. म्हटलं, नवी नोकरी लागली की एकदमच सांगू. लागली ती ही! संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर बाबा सांगायचे, "आमचा मिलिंद रजेवर गेला ना, तर तिकडच्या बँका बंद पडतील." त्या माणसाला कसं सांगू, की मी लोकांच्या डेकखाली पालथा पडलेला असतो म्हणून?

नाही सांगितलं. दोन वर्षं नाही सांगितलं.

* * *

पहिल्याच महिन्यात वझलवारांचा फोन. हे नागपूरचे, डेटा अॅनालिस्ट. "लवकर या, बाप्पा! आमच्याकडे रॅकून आलाय!"

मी म्हटलं, "साहेब, रॅकून अमेरिकेत. इथे फार तर कोल्हा, नाहीतर खार."

"मी अमेरिकन व्हिडिओ बघितलेत. हा रॅकूनच आहे. पुरावा आहे!"

गेलो. पुरावा म्हणजे चौदा स्लाइडचं प्रेझेंटेशन. येण्याच्या वेळा, जाण्याची दिशा, बिनच्या झाकणावरचे ओरखडे. शेवटी सीसीटीव्हीचा व्हिडिओ : काहीतरी गुबगुबीत, राखाडी, शेपटीवर पट्टे, पाण्याच्या टबात पंजे बुडवतंय. "हात धुतोय बघा! रॅकूनच हात धुतो!"

गॅरीने चहाचा घोट घेतला. तेवढ्यात शेजारच्या बागेतून एका बाईंची हाक आली, "ब्रायन! जेवायला चल!"

आणि आमच्या डोळ्यांदेखत तो रॅकून कुंपणावरून उडी मारून घरी जेवायला गेला.

वझलवारांनी लॅपटॉप हळूच मिटला. "तरी पण," ते म्हणाले, "मांजर कधी हात धुतं का?"

* * *

मिसेस डॉसन म्हणून एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या. शेडखालचा कोल्हा घालवा म्हणून त्यांनी स्वतःच फोन केला. आम्ही औषध टाकलं. कोल्हा तिथेच. परत गेलो, दुप्पट टाकलं. कोल्हा तिथेच! माझ्या नाकातले केस जळाले, पण तो मजेत.

तिसऱ्या खेपेला मी जरा लवकर पोचलो, तर आजीबाई शेडपाशी बशी घेऊन उभ्या. बशीत दोन सॉसेज, नीट तुकडे केलेले.

"मिसेस डॉसन! तुम्हाला तो जायला हवाय ना?"

"हो तर. पण जेवल्याशिवाय कसा जाईल बिचारा?"

मी हात टेकले. व्हॅनमध्ये बसल्यावर गॅरी म्हणाला, "माझा मुलगा चौतीस वर्षांचा झाला. अजून घरातच आहे. मला पण आत्ताच कळलं, का ते."

* * *

बाबांचा व्हिडिओ कॉल रोज आमच्या दुपारी एकला. त्यासाठी व्हॅनमध्ये मी एक ब्लेझर टांगून ठेवला होता. वर ब्लेझर, खाली चिखलाची पँट. बॅकग्राउंड ब्लर. पहिला प्रश्न ठरलेला : "आज कुठली मीटिंग?"

"क्लायंटकडे आहे, बाबा."

हे खोटं नव्हतं, एवढंच स्वतःला सांगायचो.

एकदा बागेत बसूनच कॉल घेतला, आणि मागून कोल्ह्याचं एक पिल्लू चालत गेलं. बाबा कॅमेऱ्याजवळ आले. "मागे कोण गेलं रे?"

"कलीग."

"बुटका आहे."

"नवीन आहे, बाबा."

एकदा तर गॅरीच स्क्रीनमध्ये आला. बाबांनी लगेच शर्टाची कॉलर सारखी केली आणि इंग्रजीत विचारलं, "सर, माझ्या मुलाचं काम कसं आहे?"

गॅरीने माझ्याकडे पाहिलं, ब्लेझरकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं. मग म्हणाला, "वेळेवर येतो, सर. आणि न सांगता कधी दांडी मारत नाही."

बाबांनी हे वाक्य कट्ट्यावर दोन महिने पुरवलं.

* * *

इल्फर्डचा एक घरमालक. डेकखाली कोल्हीण आणि चार पिल्लं. गॅरीने सांगितलं, पिल्लं आहेत तोवर हात लावायचा नाही. मोठी झाली की आपसूक जातील.

मालक चिडला. "माझ्या प्रॉपर्टीवर? मी दोन महिन्यांत अख्खी कुटुंबं बाहेर काढलीत!"

"कोल्ह्याला नोटीस चालत नाही," गॅरी म्हणाला.

"म्हणजे तिने फुकट राहायचं, मी बघत बसायचं, आणि वर तिला त्रास द्यायचा नाही? एवढे हक्क?"

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. भाडेकरू डोकं बाहेर काढून म्हणाला, "एक्सक्यूज मी! मला पण कोल्हा म्हणून रजिस्टर करता येईल का?"

* * *

मग यंदा मे महिन्यात बाबा आले. दीड महिन्यासाठी. एकटेच, कारण आई जाऊन चार वर्षं झाली. विमानतळावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "वाळलास. मीटिंगा फार होतात वाटतं."

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. सकाळी ब्लेझर घालून, लॅपटॉपच्या बॅगेत कामाचं ओव्हरऑल कोंबून निघायचं. व्हॅन चर्चच्या हॉलमागच्या गल्लीत लपवलेली. तिथे जाऊन कपडे बदलायचे. बाबा सकाळी फिरायला जात. त्यांना मी उजवीकडच्या पार्कचं इतकं कौतुक सांगून ठेवलं होतं, की डावीकडे ते वळूच नयेत. आणि माझे शर्ट तेच इस्त्री करत. रोज! दारात येऊन कॉलर नीट करत आणि विचारत, "आज कुठली मीटिंग?" तो इस्त्रीचा शर्ट अंगावर घेऊन मी डेकखाली शिरायचो. खूप लाज वाटायची. कामाची नाही, खोटेपणाची.

मंजिरी रोज म्हणायची, "सांगून टाक."

"अगं, बायपास झालीये."

"बायपास त्यांची झालीये. तुझं तोंड का बंद?"

मी म्हणायचो, रविवारी सांगतो. असे तीन रविवार गेले.

* * *

चौथ्या रविवारी सुलभाताईंकडे सत्यनारायण होता. त्या आमच्या मंडळाच्या, घर स्लाऊमध्येच. नवं एक्स्टेन्शन, नवं कार्पेट, मागे नवं लाकडी डेक. कार्पेट खराब नको म्हणून चपला-बूट सगळ्यांनी मागच्या डेकवर काढले. तीस माणसं!

मी आत शिरलो आणि पाहतो तर पहिल्या रांगेत वझलवार! रॅकूनवाले! अख्खी कथा मी केळीच्या खुंटाआड बसून ऐकली. बाबा पुढे ताठ बसलेले, शेजारच्या माणसाला हळूच सांगत होते, "आमचा मिलिंद बँकांचं बघतो."

आरती झाली, शिरा झाला, मंडळी मागच्या दाराशी आली, आणि एकच गलका. "माझा डावा बूट कुठाय?" "माझी एकच चप्पल!" बारा जणांचं एकेक पायताण गायब!

कोणी म्हणालं चोर, कोणी म्हणालं शेजारची कार्टी. सुलभाताई रडवेल्या झाल्या. "एकेकच कोण नेईल हो?"

मला पाहताक्षणी कळलं होतं. डेकच्या कोपऱ्यात ओली माती, बाजूला कुरतडलेली लेस. पिल्लांना दात येताना कोल्हीण असंच काहीतरी चघळायला नेते. गप्प राहायचं, एवढंच काम होतं. पण बाबा एका पायात बूट घालून उभे होते. दुसरा पाय ओल्या गवतात, नुसता मोजा. लंडनला यायचं म्हणून ते तपकिरी बूट त्यांनी खास शिवून घेतले होते. कोणाला दिसू नये म्हणून तो पाय ते दुसऱ्यामागे लपवत होते.

आणि तेवढ्यात वझलवार वळले. "अरे! तुम्ही इथंच हाव! आता कायची काळजी, बाप्पा! हेच तर ते कोल्हेवाले! आमच्याकडे व्हॅन घेऊन आले होते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा पण.

आता काय राहिलं होतं? मी कुर्ता खोचला, मंजिरीकडून फोनचा टॉर्च घेतला आणि डेकखाली पालथा शिरलो. आत कोल्हीण नव्हती, पिल्लंही कुंपणापलीकडे पळालेली. बूट मात्र होते. एकेक बाहेर सरकवत गेलो. वरून सुलभाताई पुकारत होत्या, "हा कोणाचा? हा कोणाचा?" अकरा निघाले. वझलवारांचा उजवा स्निकर शेवटपर्यंत मिळाला नाही. मी फार शोधलाही नाही.

बाहेर आलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत माती. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही. त्यांनी आपला बूट घेतला, रुमालाने पुसला, दातांच्या खुणांवर एकदा बोट फिरवलं आणि घातला.

गाडीत मंजिरी आपली शिऱ्याबद्दल बोलत राहिली. घरी आल्यावर बाबा लवकर झोपले. मी मात्र रात्रभर छताकडे बघत पडलो.

सकाळी सातला चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो, तर पलंग रिकामा. पांघरुणाची घडी घातलेली. कोट नाही, टोपी नाही, बूट नाहीत. फोन उशाशी पडलेला! माझ्या मनात नको नको ते आलं. उजवीकडच्या पार्कात पळालो. तिथे नव्हते. मंजिरी रस्त्यावर हाका मारत होती. म्हटलं व्हॅन काढतो, गावभर शोधतो, आणि चर्चच्या हॉलमागे धावलो.

बाबा व्हॅनपाशी उभे होते. ही गल्ली मी त्यांना कधीच दाखवली नव्हती. मंजिरीनेही नाही, मी नंतर विचारलं. बूट पॉलिश केलेले, डाव्यावर दातांच्या खुणा चकाकत होत्या. एका हातावर माझं ओव्हरऑल, इस्त्री केलेलं. दुसऱ्या हातात दोन डबे. सुटकेसवाल्या कोल्ह्याकडे ते मान वाकडी करून बघत होते.

माझी चाहूल लागली तसं त्यांनी घड्याळ पाहिलं.

"गॅरीसाहेब वाट बघत असतील," ते म्हणाले. "आज कुठला कोल्हा?"