रेघ न मारणारी

“माझं चुकलं न्हाय सर, तुमाला पटलं न्हाय.” हे ती भांडणाच्या सुरात म्हणत नसे. ओढणी कमरेला बांधायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकायची.

लोहाऱ्यातल्या ज्या कॉम्प्युटर क्लासात मी मराठी टायपिंग शिकवतो, तिथं ती वेबसाइट तयार करायला शिकत होती. तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. खेड्यातून जीपनं यायची. क्लासचे मालक स्वतःला ‘डायरेक्टर’ म्हणवत. टेबलावर त्यांच्या नावाची पाटी कायम असे, पाटीमागं ते अधूनमधून.

नवशिक्यांचा पहिला मोठा धडा टू-डू लिस्टचा. स्क्रीनवर कामं लिहायची. झालेल्या कामापुढं खूण केली की त्यावर रेघ ओढली जाते. तिनं सगळं केलं, रेघ सोडून. तिच्या यादीत खूण केलेलं काम खाली सरके आणि थोड्या वेळानं खूण पुसून पुन्हा ताजंतवानं उभं राही.

“ताई, ही चूक आहे,” डायरेक्टर म्हणाले. “झालेलं काम संपायला नको?”

“भांडी घासली म्हणून संपली व्हय सर? सांजच्याला परत हायतच की.”

“अहो, हे तुमचं स्वयंपाकघर आहे का?”

“यादी तर माजी हाय न्हवं?”

मला अचानक खोकला आला.

पुढं सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम ठरला. ते सर्टिफिकेट घेऊन मुलाखतीला या, असं सोलापूरच्या एका ऑफिसनं तिला कळवलं होतं. नोकरी लागली की लेकरांना घेऊन तिथंच राहायचं, हे तिनं पक्कं केलं होतं.

असे कार्यक्रम तुम्हीही पाहिले आहेत: हार वेळेवर, पाहुणे उशिरा. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या बांधकाम खात्याच्या साहेबांनी भाषणात आमचा रस्ता पूर्ण केल्याचं सांगितलं. आम्ही सगळे त्याच रस्त्यानं धडपडत आलो होतो.

मग साहेबांना विद्यार्थ्यांचं काम पाहायची हौस आली. पडद्यावर तिची यादी होती. त्यांनी तीत ‘रस्ता’ असं टाइप करायला लावलं आणि स्वतःच्या हातानं ऐटीत खूण केली. टाळ्या पडल्या. काम खाली सरकलं. टाळ्या थांबायच्या आत खूण पुसली गेली.

“साहेब, परत खड्डे पडले की!” मागून कुणीतरी ओरडलं. हॉलभर हशा पिकला. साहेबही हसले, पण नुसते दात दाखवून.

गाडी गेल्यावर डायरेक्टर तिच्यापुढं उभे राहिले. “आत्ता साहेबांना फोन लावा, माफी मागा. आणि ती रेघ घाला. नाहीतर सर्टिफिकेट विसरा.”

सोलापूर तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलेलं मी पाहिलं.

“विसरले,” ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

मी जीपपर्यंत गेलो. “आता मुलाखतीला काय दाखवाल?”

“यादीच दाखवीन. रेघ का न्हाय, तेबी सांगीन.”

“त्यांना नाही पटलं तर?”

“दुसरं हुडकीन. सोलापुरात एकच हापिस हाय व्हय?”

ड्रायव्हरनं तिला मागच्या बाकावर सरकायला सांगितलं. ती पुढंच बसून राहिली. जीप गेली.

ती क्लासात परत आली नाही. नव्या बॅचला डायरेक्टर आता पहिल्याच दिवशी बजावतात की रेघ आलीच पाहिजे. का आली पाहिजे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मी वाट बघतोय.