शकूरभाई मनियारांचा उजवा डोळा

उंद्रीतल्या कुठल्याही बाईचा हात तिच्या नवऱ्यापेक्षा शकूरभाई मनियारांना जास्त ओळखीचा आहे, असं मी म्हटलं की आमचे चिंतामणराव खोकतात. पण त्यात खोटं काय आहे? मी लग्न होऊन इथल्या शाळेत मास्तरीण झाले तेव्हापासून माझ्या हातात तेच बांगड्या भरतात. अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायचं, "माहेरची खुशाली काय, बाई?" विचारायचं, आणि आपण तोंड उघडेपर्यंत बांगडी मनगटावर. नजर मात्र बांगडीवर. मनगटाच्या वर ती कधी गेली नाही, म्हणून तर सासवा सुनांना बिनधास्त त्यांच्यापुढे बसवतात.

अशा माणसानं आमच्या शेजारच्या मंजुश्रीच्या लग्नात हिरव्या चुड्यात मधूनमधून निळ्या बांगड्या भरल्या. नवरी रडकुंडीला आली. शकूरभाई ठाम. "हिरव्याच हायेत. पोरीले उजेडात न्या." उजेडात नेलं, तर त्या आणखीच निळ्या दिसल्या. मंजुश्रीची आई शहाणी, हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून तिनं वेळ मारून नेली. मी मात्र शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा शकूरभाईंना धरूनच नेलं. डॉक्टरांनी बॅटरीनं पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. ऑपरेशनसाठी बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा, असं त्यांनी सांगितलं.

झालं. त्या दिवसापासून शकूरभाईंनी अखेरच्या प्रवासाची तयारी सुरू केली. आमच्याकडचा हिशेब सोपा आहे. गावच्या डॉक्टरकडे जातो तो आजारी, चिखलीला नेतात तो जास्त आजारी, आणि जिल्ह्याला पाठवला की नातेवाइकांना फोन करायचे. शकूरभाईंनी ते स्वतःच केले. खामगावहून बहीण रडत आली, आणि त्यांच्या बेगम बिलकिसभाभी पाहुण्यांना चहा करून करून दमल्या. "डोळा दुखून नाही राह्यला, तं काऊन धाडून राह्यले मले बुलडान्याले?" शकूरभाई मला विचारायचे. "कायतरी लपवून राह्यले ते."

मग सबबी निघाल्या. आधी लग्नसराई, मग ईद, मग पोळा, मग नवरात्र. एकदा तर संकष्टीला ऑपरेशन नको म्हणाले. मी म्हटलं, "शकूरभाई, संकष्टी तुमची कधीपासून?" तर म्हणे, "तुमची तं हाय ना. माह्यासंगं तुमाले यावं लागन."

मी तोंडाची फटकळ. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

"बाई, डोळा बिघडला तं?" ते खाली मान घालून म्हणाले. "लोक म्हनतीन, आंधळा म्हतारा बायांचे हात चाचपून राह्यला. मंग कोनती बाई मले हात देईन?"

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. एवढी वर्षं जपलेली अब्रू त्या एका नजरेवर उभी होती. मला त्यांचा इतका कळवळा आला की मी आणखी दोन शब्द जास्तच बोलले, आणि त्याच आठवड्यात त्यांना बसमध्ये बसवलं. भाभींबरोबर मीही निघाले.

बांगड्यांची पेटी त्यांनी सोबत घेतली. दवाखान्यात पेटी कशाला, असं भाभींनी विचारलं. "चार बाया तं तिथंबी असतीन," म्हणाले. पण तिथं गेल्यावर डोळ्यात थेंब पडले, समोरचं सगळं धुरकट झालं आणि शकूरभाईंचं अवसान गळालं. त्यांनी पेटी काखेत मारली आणि भाभींना हळूच चिखलीच्या बसची वेळ विचारली. भाभींनी ऐकू न आल्याचं दाखवलं, तसे ते उठलेच.

तेवढ्यात शेजारच्या बाकावर गलका झाला. संग्रामपूरकडच्या गिरजाबाईंचा नंबर आला होता. ऑपरेशनआधी बांगड्या उतरवा, असं योगिनी सिस्टरनं सांगितलं आणि गिरजाबाईंनी दोन्ही मुठी आवळल्या. "धनी समोर उभे असतानी मी हात मोकळे करू?" धनी, म्हणजे तुळशीराम, स्वतःच पांढरेफटक पडले होते. "राहू द्या हो सिस्टर, डोळाच राहू द्या," म्हणाले.

शकूरभाई जाता जाता थांबले. धंद्याचीच गोष्ट होती.

"बाई, मी मनियार हाय," ते म्हणाले. "एकबी वाढवनार नाही." बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तो शब्द ऐकून बाईंची मूठ जरा सैल झाली. शकूरभाईंनी सिस्टरकडून पट्टीचा तुकडा घेऊन आधी त्यांच्या मनगटाला बांधला. तेवढ्यानं हात रिकामा धरत नाहीत, असा निकालही दिला. हे कुठल्या शास्त्रात आहे ते मी विचारलं नाही. मग माहेरची चौकशी झाली आणि बांगड्या अख्ख्या उतरून पेटीत गेल्या.

"बाह्यर आल्यावर कोन भरन?" गिरजाबाईंनी विचारलं.

"मीच."

"पन तुमी तं चालले ना घरी?"

शकूरभाईंनी काखेतल्या पेटीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मीबी आतच जाऊन राह्यलो." भाभींनी आणि मी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर आले ते उजव्या डोळ्यावर पट्टी घेऊन. डाव्यात आधीचाच मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, छान झालं, उद्या पट्टी काढू. पण तो दिवस तर काढायचा होता. त्यांनी पेटी भाभींच्या हातात दिली. "त्या बाईले तूच भरून दे. मले काईच दिसून नाही राह्यलं." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ज्याला भ्यायले होते, नेमकं तेच त्यांच्या वाट्याला आलं होतं.

थोड्या वेळानं भाभी तशीच भरलेली पेटी घेऊन परतल्या. मागे तुळशीरामांचा खांदा धरून गिरजाबाई. त्यांच्याही डोळ्यावर पट्टी.

"तुमी कबूल केलं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या.

"दिसत नाही, बाई. हात चाचपावा लागन."

"मंग चाचपा. मले तरी कुठी दिसते?" असं म्हणून त्यांनी हात शकूरभाईंच्या हातात दिला. तुळशीराम पेटी धरून उभे राहिले.

पहिली बांगडी चढली, दुसरी चढली. शकूरभाईंनी या वेळी खुशाली विचारली नाही. योगिनी सिस्टर दारातूनच ओरडली, "आजोबा, पट्टी ओली करू नका."

"मी कुठी करून राह्यलो? औषध असन ते," शकूरभाई म्हणाले.

गिरजाबाईंनी दुसरा हात पुढे केला.