हिरव्या अस्तराची टोपी

माझ्या मोठ्या मावशीचं नाव पंचशीला. कंधार तालुक्यातल्या आमच्या आजोळी, धम्मदीक्षेनंतर वस्तीत जन्मलेली ती पहिली मुलगी, म्हणून आजोबांनी हौसेनं हे नाव ठेवलं. गाव मात्र तिला भुरी म्हणायचं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी साईसारखी, आणि फिकट डोळे सारखे इकडून तिकडे हलणारे. कंधारच्या दवाखान्यात डॉक्टरनं आजीला सांगितलं होतं, "पोरगी सूर्यमुखी आहे. हा रोग नाही, कुणाला लागायचा नाही. फक्त हिला उन्हात काढू नका."

हे सांगताना माझी आजी सरजाबाई दर वेळी हसायची. "उन्हात काढू नका म्हणं! आमच्या घराला उन्हाबिगर दुसरं होतं काय?"

मावशी घरात वाढली. दिवसभर दाराआड बसायची, दिवस कलला की बाहेर यायची. उन्हात डोळे उघडायचेच नाहीत. उघडले तर सगळं पांढरं, चुन्याच्या निवळीत बघितल्यासारखं. एकदा हट्टानं शेतावर गेली तर खांद्यावर आणि नाकावर फोड आले. आजीनं आठवडाभर लोणी लावलं. माझी आई सुमन तिच्याहून लहान. ती बाहेर खेळायची आणि मावशी आतून विचारायची, "आता काय करून राहिल्या गं पोरी?" आई खेळता खेळता ओरडून सांगायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, आणि सरकारनं रस्त्याचं काम काढलं. घरातले सगळे खडी फोडायला जाऊ लागले. मावशी तेव्हा पंधरा-सोळाची. सगळे कामावर आणि आपण एकटी सावलीत बसून दुष्काळात वाटलेली सरकारी सुकडी खायची, हे तिला सोसेना. एक दिवस डोक्यावर टोपलं पालथं घालून, वर ओलं फडकं टाकून ती आजीच्या मागं कामावर आली. हातानं चाचपत दगड घ्यायची, दुसऱ्या दगडावर ठेवायची आणि मिटल्या डोळ्यांनी हातोडा मारायची. बोटं रक्ताळली. आजोबांनी, भीमा त्यांचं नाव, तिच्या हातातून हातोडा काढून घेतला. "घरी जा माय."

"न्हाई जायची बाबा."

त्या कामावर मल्लिकार्जुन नावाचे उदगीरकडचे मिस्त्री होते. हजेरी घ्यायचे, खडीचे ढीग मोजायचे. त्यांच्या डोक्यावर एक मोठी, फुगीर, खाकी टोपी असायची, साहेब लोक शिकारीला घालायचे तसली. त्यांच्या सासऱ्याची, निजामाच्या काळातली. बाया पदराआड हसायच्या. आजोबा हसले नाहीत. त्यांनी बघितलं की मिस्त्रींच्या तोंडावर, मानेवर, अगदी खांद्यावरही त्या टोपीची सावली पडते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी धीर करून विचारलं, "मिस्त्री, वजनाला लई जड असंल न्हाई का?"

मिस्त्रींनी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. आजोबा चपापले. टोपीला वजनच नव्हतं, वाळलेल्या भोपळ्यासारखी हलकी.

"भेंडाची हाय," मिस्त्री म्हणाले. "बाशिंग करतात ना, तेच भेंड. वरून कापड. आत वारं खेळतं." मग त्यांनी तिकडं टोपल्याखाली बसलेल्या मावशीकडं बघितलं आणि आजोबांच्या मनातलं ओळखलं. "नांदेडला जा. जुन्या बाजारात टोप्यांच्या दुकानात पडून असतील. पण पोरीला संगं न्या. डोक्याला बसल्याशिवाय घेऊ नका."

आजोबा, मावशी आणि माझी आई असे तिघं पहाटेच्या गाडीनं नांदेडला गेले. ते दुकान फेट्यांचं आणि जिन्ना टोप्यांचं होतं. म्हातारा चाचा गल्ल्यावर बसलेला. आजोबांनी टोपीचं वर्णन केलं तसा तो हसला. "अरे बाबा, सोला हॅट! पोलीस ॲक्शननंतर कुणी हात लावला नाही तिला. तुम्हाला कायला पाहिजे? नाटकात काम करता का?"

आजोबांनी मावशीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. चाचा गल्ल्यावरून उठला. मग स्वतः स्टूल घेऊन वर चढला आणि धुळीनं भरलेल्या चार टोप्या खाली काढल्या.

पहिली टोपी बुचाची होती. मावशीनं घातली आणि म्हणाली, "मान दुखतीय." दुसरी भेंडाची, पण लहान, डोक्यावर तरंगत राहिली. तिसरी छान बसली, पण तिचा काठ मागं आखूड होता. चाचानं बोट तिच्या मानेवर न टेकवता, हवेतच रेघ ओढून दाखवलं. "इथं ऊन लागेल बेटी. मान उघडी राहते." चौथी पांढरी होती, मागं लांब उतरलेली, टाळूवर वाऱ्यासाठी छोटी जाळी. काठाच्या आतून गर्द हिरवं अस्तर. जरा सैल होती, तर चाचानं आतल्या पट्टीत कागदाची घडी सारली आणि हनुवटीखाली फीत बांधली.

"आता बाहेर जा," तो म्हणाला. "टोपी दुकानात नाही बघत. उन्हात बघतात."

मावशी पायरी उतरून रस्त्यावर आली. ऊन चांगलंच तापलं होतं. सवयीनं तिनं डोळे गच्च मिटले होते. मग एक उघडला. मग दुसरा. माझी आई समोरच उभी होती. मावशी तिच्याकडं बघत राहिली, बराच वेळ.

"सुमे," ती म्हणाली, "तुझ्या नाकावर तीळ हाय."

आई सांगते, की तिला हसू आलं आणि तिनं वर बघितलं, तर आजोबा भिंतीकडं तोंड करून उभे होते. चाचा दुकानातून ओरडत होता, "पाण्यात भिजवू नका हां! फुगते. आणि वर कुणी बसू नका!"

गावात परतल्यावर व्हायचं ते झालं. पोरं मागं लागली, "मडम आली, मडम आली!" चावडीवर कुणीतरी म्हणालं, काढा ती, वस्तीतल्या पोरीच्या डोक्यावर साहेबाची टोपी कशाला. आजोबा चालता चालता म्हणाले, "ऊन कमी करा, काढतो." आणि थांबले नाहीत.

कामावर आजीच्या शेजारच्या ढिगावर लक्ष्मीबाई बसायची. ती गावातल्या शेतकरी घरातली सून. घरची जमीन मोठी, पण दुष्काळानं तीही खडीवर आली होती. तिच्या घरी आजीला पाणी वरून ओतायचे. तिनं दोन दिवस त्या टोपीकडं तिरक्या नजरेनं बघितलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "आण गं भुरे. बघू दे घालून."

मावशीनं सावलीत सरकून टोपी काढून दिली. लक्ष्मीबाईनं ती पदरावरूनच घातली आणि फीत बांधून अशी ऐटीत बसली, की सगळ्या बाया हातोडे टाकून हसल्या. दुष्काळात त्या रस्त्यावर असं हसणं आधी कुणी ऐकलं नव्हतं. घरी तिला बोलणी बसली असावीत, कारण दुसऱ्या दिवशी ती मान वर करेना. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं टोपी पुन्हा मागितली. आणि तेव्हापासून ती भुरी म्हणेनाशी झाली. पंचशीला म्हणायला लागली. आधी ते नाव तिच्या तोंडात नीट बसायचं नाही.

रेणापूरकडचे साहेबराव मावशीला बघायला आले, ते दुष्काळानंतर पाचेक वर्षांनी. तोवर दोन स्थळं अंगणातूनच परत गेली होती. साहेबराव काळेसावळे, उंच, अबोल. मावशी अंगणात टोपी घालून शेंगा निवडत होती. आजी टोपी काढ म्हणून खुणावत राहिली, तिनं काढली नाही. साहेबरावांनी इकडतिकडचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "उन्हात दिसतंय का तुमाला?"

"टोपी असली की दिसतंय. लांबचं न्हाई दिसत. तुमचं तोंड दिसून राहिलंय."

"कसं हाय मग?"

"घाम लई आलाय," मावशी म्हणाली.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

पुढं लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं, नवे रस्ते, नव्या वसाहती. रोज कुठंतरी मोजणी चालू. साहेबरावांना लातुरात मोजणीवर खलाशाचं काम मिळालं. साखळी ओढायची, झेंड्या रोवायच्या, साहेब दुर्बिणीतून बघत असला की दांडी धरून हलायचं नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उघड्या माळावर. डोक्याला एक रुमाल. मावशी म्हणायची, "माझी टोपी घालून जा." ते म्हणायचे, "तुझ्या डोक्यावरची मी घेऊन गेलो तर तू काय टोपल्याखाली बसशील?"

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला होता आणि उन्हाळा वाईट निघाला. वैशाखात एका दुपारी साहेबराव दांडी धरून उभे होते, ते तसेच आडवे झाले. सोबतच्या लोकांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. ऊन लागलं होतं. दोन दिवस सलाईन चालली. मावशी उशाशी बसून होती. जन्मभर लोकांनी तिला उन्हापासून जपलं आणि उन्हानं पाडलं ते या दणकट माणसाला, हे तिच्या डोक्यात बसेना.

ते घरी आले, दुपारी गाढ झोपले, तेव्हा तिनं सुतळीनं त्यांच्या डोक्याचं माप घेतलं. नांदेडच्या चाचाचं दुकान आता उरलं नव्हतं, हे तिला माझ्या आईकडून कळलं होतं. म्हणून ती लातूरच्या बाजारात बाशिंग करणाऱ्या शिवकन्याबाईकडं गेली. भेंडाचं नाव तिच्या लक्षात होतं.

शिवकन्याबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मी नवरदेवाचं कपाळ सजवते बाई. आख्खं डोकं कधी केलं न्हाई." मग मावशीच्या टोपीला आतून बाहेरून चाचपून बघितलं. "भेंड हाय माझ्याकडं. पण साचा पाहिजे. डोक्याएवढं काहीतरी गोल आण. तुझ्या लग्नात बाशिंग कुणी केलतं गं?"

"आमच्यात बाशिंग बांधत न्हाईत."

"मग हे त्याच्या बदल्यात समज," शिवकन्याबाई म्हणाली.

मावशी कुंभारवाड्यात गेली. एकेका मडक्याला सुतळी गुंडाळून बघायला लागली. कुंभारीण बघत होती. शेवटी तिला राहवेना. "किती पाण्याचं पाहिजे?"

"पाण्याचं न्हाई. माझ्या मालकाच्या डोक्याएवढं पाहिजे."

कुंभारणीनं हे ऐकून घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. त्या सगळ्यांनी मिळून शोधलं, तेव्हा एक मडकं सुतळीला बरोबर बसलं.

त्या मडक्यावर शिवकन्याबाईनं भेंडाचे पातळ काप एकावर एक चिकटवले. मावशीनं वरून साहेबरावांच्याच जुन्या धोतराचं कापड शिवलं, आत स्वतःच्या हिरव्या चोळीचं अस्तर लावलं. टोपी जराशी डावीकडं झुकलेली होती. शिवकन्याबाईला अगदी साधं काही करवत नसे. तिनं आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बेगडाचं एक फूल चिकटवलं.

साहेबरावांनी टोपी हातात घेतली, फिरवून बघितली, फुलावर बोट ठेवलं. म्हणाले, "चांगली केलीस." आणि खुंटीला अडकवली. कामावर रुमाल बांधूनच गेले.

एक दिवस झाला, दोन झाले. मावशीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव साहेबराव आन् काम खलाशाचं. आधीच चिडवतात. वर ही टोपी घातली तर खऱ्या साहेबाला काय वाटंल?"

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तशी मावशीनं आपली टोपी घातली, त्यांची पिशवीत घेतली आणि विचारत विचारत गावाबाहेरच्या माळावर निघाली. एकटीनं उघड्या माळावर जायची तिची ती पहिलीच दुपार. लांबचं दिसत नव्हतं. मुरमाचे ढिगारे, खणलेले चर, काहीच नीट कळत नव्हतं. साहेबरावांना मात्र लांबून एक पांढरी टोपी डुलत येताना दिसली, ती सरळ चराच्या दिशेनं. हातातली दांडी टाकून ते धावत सुटले. मागून साहेब ओरडला, तरी थांबले नाहीत. चराच्या अलीकडं तिचा दंड धरला.

"कायला आलीस इकडं? पडली असतीस ना!"

"तुमची टोपी घरी ऱ्हायली," मावशी म्हणाली.

सगळे खलाशी बघत होते. मोजणी थांबली होती. साहेबरावांनी पिशवीतून टोपी काढली, घातली. मावशीनं टाचा उंचावून फीत बांधली. कुणीतरी शीळ घातली. तेवढ्यात साहेब जवळ आला, तरुण, नाक उन्हानं सोललेलं. त्यानं दोघांच्या टोप्या आळीपाळीनं बघितल्या आणि विचारलं, "कुठं मिळते ही?"

त्यानंतर चिडवणं संपलं नाही, पण साहेबरावांनी टोपी सोडली नाही.

पुढच्या वर्षी पाणी बरं झालं. दसऱ्याच्या सुमारास दोघं किनवटकडं एका नात्यातल्या लग्नाला गेले आणि येताना इस्लापूरला उतरले. मावशीनं सहस्रकुंडाच्या धबधब्याचं नाव ऐकलं होतं, तो बघितला नव्हता. दोघं भर दुपारी खडकांवरून चालत गेले, दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. एका बाईनं साहेबरावांना विचारलं, "शूटिंग हाय का?"

"हाव," साहेबराव म्हणाले. "ही हिरोईन."

जवळ गेल्यावर पाण्याचे तुषार अंगावर यायला लागले. टोप्या भिजल्या तर फुगणार. साहेबरावांनी आपली काढली, मावशीची फीत सोडवली आणि दोन्ही टोप्या पाठीमागं धरल्या. मावशीनं डोळे मिटून घेतले आणि तोंड वर केलं. साहेबराव सरकून अशा जागी उभे राहिले, की त्यांची सावली तिच्या अंगावर पडेल.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मावशी म्हणाली. "पण जरा थांबू."