दोघं मिळून

कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी मी पुसदला बी.ए. करत होते. पुण्याहून स्त्री-अभ्यासाच्या एक मॅडम शेतातल्या बायकांचं सर्वेक्षण करायला आल्या. वऱ्हाडी बोली त्यांना नीट कळेना, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. फुलसावंगीकडच्या माझ्या गावातली घरं मीच दाखवली. बायकांचं खरं जगणं कागदावर आलं तरच सरकारचं धोरण बदलेल, असं त्या म्हणायच्या. मलाही ते मनापासून पटलं होतं.

चुलत वहिनीच्या घरी गेलो तेव्हा ती नुकतीच कापूस वेचून आली होती. बोटं ओरबाडलेली. सासू शेजारीच बसलेली.

मॅडमनी विचारलं, "शेतात काय पेरायचं, हे घरात कोण ठरवतं?"

वहिनीनं सासूकडे पाहिलं. "आमी दोघं मिळून ठरवतो जी."

पेरणीच्या वेळी 'थोडी तूरही लावू' म्हणाली म्हणून दादानं तिला काठीनं मारलं होतं. पाठीला हळद मीच लावली होती. तरी मी तिचं उत्तर निमूट लिहून घेतलं.

दोन वर्षांनी तहसीलच्या बैठकीत साहेबांनी मॅडमच्या सर्वेक्षणाचा अहवाल वाचला. आमच्या भागात बायकांचा निर्णयांत वाटा आहे, असं त्यात होतं. मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आमच्याकडे निघणारं सल्ला केंद्र मग दुसऱ्या तालुक्याला गेलं. मी मॅडमना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, 'चूक माझी. सासूसमोर विचारायलाच नको होतं. पण छापलेलं आता बदलता येणार नाही.'

गावी गेल्यावर मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, तू तेव्हा खरं काहून नाही सांगितलं?"

"तुमी दोघी त गाडीत बसून गेल्या असत्या. मंग मले कोनं वाचवलं असतं?" ती म्हणाली, "आन तुले त समदं मालूम होतं ना बाई. तू काहून नाई बोलली?"



त्या दिवाळीनंतर ती माहेरी निघून गेली. भावांनी पंधरा दिवसांत परत आणून सोडली. मी पुढे हाच विषय कॉलेजात शिकवायला लागले. संशोधनानं काय बदलतं, असं मुली विचारतात. मी पुस्तकातलं सांगते.

वहिनीला उजव्या कानानं आता ऐकू येत नाही. त्या बाजूनं हाक मारली, तर ती काम करतच राहते.