उरलेले नऊ सेकंद

विषय : राज्यस्तरीय शालेय बास्केटबॉल स्पर्धेतील मुलींच्या अंतिम सामन्याचे उरलेले नऊ सेकंद पुन्हा खेळविणेबाबत.

संदर्भ : भोकरदन तालुक्यातील आमच्या शाळेचे सेवानिवृत्त शिपाई किसनमामा यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचं म्हणजे, हा अर्ज मीच लिहिला. म्हणणं मामांचं, मराठी माझं. शाळेत पस्तीस वर्षं क्लार्क होतो. त्या काळात माझ्या हातून जी पत्रं गेली, त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ मला आजही लागत नाही, पण उत्तरं मात्र सगळ्यांची आली. ह्या एकाच पत्राचा अर्थ स्वच्छ लागतो आणि उत्तर येत नाही.

किस्से फायलीसारखेच असतात. पहिला कागद लावताना वाटतं, एकच तर आहे. मग त्याला दुसरा चिकटतो, आणि एक दिवस नाडी पुरत नाही. आमच्या मैदानाच्या कडेला चार टाळकी बसायची : घंटा सांभाळणारे किसनमामा, खेळ शिकवणारे पठाण सर, मक्यावाले रंगनाथअण्णा आणि काही काम नसलेला मी. आमची फाइल अशीच जाड झाली.

*

आमचं बास्केटबॉलचं मैदान म्हणजे सिमेंटचा एक मोठा चौकोन. कुठल्याशा योजनेत मंजूर झाला. योजना संपली तेव्हा एका बाजूची जाळी बसवायची राहिली होती, ती राहिलीच. त्याचा खरा उपयोग गावाला लगेच कळला. मका वाळवायला त्याच्यासारखी जागा पंचक्रोशीत नव्हती. कागदोपत्री क्रीडांगण, प्रत्यक्षात खळं.

रंगनाथअण्णा सकाळीच ट्रॉली भरून आणायचे आणि पोरींचा सराव आटपायची वाट पाहत कडेला बसायचे. पहिला आठवडा त्यांनी शिव्या देण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न सुरू झाले. "टोपलीला बूडच न्हाई. भरायची कशी?" पठाण सरांनी समजावलं, भरायची नसते, चेंडू किती वेळा पडला ते मोजायचं असतं. तिसऱ्या आठवड्यात अण्णा स्वतः मोजायला लागले, आणि सरांशी आकड्यावरून भांडायलाही.

हंगाम संपला. मका बाजारात गेला. अण्णा यायचे थांबेनात. मी एकदा विचारलं, "अण्णा, आज माल कुठंय?"

"मी काय मालासंगच येतो का?" अण्णा म्हणाले आणि नेहमीच्या जागी बसले.

संघाचा पहिला फॅन तो असा मिळाला.

*

मैदानावर घड्याळ नव्हतं. सरांच्या मनगटावर होतं, पण खेळ रंगला की सर त्याच्याकडे बघायचेच नाहीत. म्हणून वेळेचं खातं किसनमामांकडे. ऑफिससमोर टांगलेली ती बशीसारखी चपटी पितळी घंटा मामा काढून आणायचे आणि दहा मिनिटं झाली की लाकडी हातोडीनं एक टोला द्यायचे. वेळेच्या बाबतीत मामांवर कुणी शंका घेत नसे. ठरल्या मुहूर्तावर लागलेलं मी आयुष्यात एकच लग्न पाहिलं आहे. ते मामांचं.

सरांचा नियम सोपा होता : घंटा झाली की हात खाली. एकदा तालुक्याहून साहेब सराव पाहायला आले. कॅप्टन शीतल उडी मारून जाळीपर्यंत पोचली होती, तेवढ्यात टोला पडला. पोरीनं चेंडू टाकला नाही. तसाच हातात धरून जमिनीवर उतरली. साहेब हळहळले. म्हणाले, टाकायचा होता की, कोण बघतंय!

"बिलकुल न्हाई साहेब," सर म्हणाले. "घंटा म्हंजे घंटा."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिस्त उत्तम.' ते पान मी पुढं पुष्कळदा काढून पाहिलं.

*

विभागीय सामन्यांना अण्णांनी गावातून टेम्पो भरून माणसं नेली. सगळी मका वाळवणारी. खेळ त्यांना आता बराबर कळत होता, पण तो कुणाच्या बाजूनं बघायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. घरच्या मैदानावर दोन्हीकडच्या पोरी आपल्याच असायच्या. त्यामुळं समोरच्या संघाचा चेंडू पडला तरी आमची मंडळी तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवीत.

समोरच्या पालकांना वाटलं, हे टोमणे मारतायत. एक गृहस्थ बाह्या सरसावून आले. अण्णांना खरोखरच कळेना. म्हणाले, "तुमच्याच लेकीला वाजवल्या. लेकरानं मेहनत केली, तर वाजवू नये का?"

गृहस्थ ओशाळले. आमच्याच ओळीत बसले आणि सभ्यपणानं आमच्याही पोरींना टाळ्या वाजवू लागले. आम्ही बावीस गुणांनी जिंकलो. निघताना त्यांचे तळहात लालभडक झाले होते.

*

राज्यस्पर्धेला जायचं ठरलं, तेव्हा मामा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"भाऊसाहेब, घंटा नेऊ का? पोरींना घरच्यासारखं वाटंल."

घंटा ही शाळेची मालमत्ता. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'पितळी घंटा एक, हातोडीसह, खेळाडूंच्या प्रोत्साहनार्थ, परत बोलीवर.' खाली सही केली. माझ्या नोकरीत एवढ्या झटपट निकाली निघालेलं दुसरं प्रकरण नाही. एरवी खडूच्या पेटीसाठी मी लोकांना दोनदा अर्ज करायला लावत असे.

स्टेडियमच्या दारात रखवालदारानं पिशवी उघडायला लावली. आत घंटा. हे काय म्हणून त्यानं विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "देवाची हाय. जांब समर्थला वाहायचीय, वाटंत पोरींचा खेळ बघून जातो." रखवालदारानं चपला काढल्या आणि घंटेला हात लावून तो कपाळाला लावला. मागची सगळी रांग तोवर खोळंबली होती.

*

अंतिम सामन्यात समोर मोठ्या शहरातली शाळा होती. त्यांच्याकडे ढोल, एकसारखे टी-शर्ट आणि ओरडायच्या घोषणा छापलेले कागद. आमच्याकडे अण्णा.

पठाण सरांनी मामांना बजावलं होतं की खेळ चालू असताना घंटा वाजवायची नाही. मामांनी ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. तीन डाव त्यांनी हातोडीला हात लावला नाही. चौथ्या डावाच्या अगदी शेवटी शीतलनं लांबून चेंडू टाकला आणि तो पडला. आम्ही एका गुणानं पुढं. चेंडू त्यांच्याकडे. पाटीवर नऊ सेकंद.

सगळे उभे राहिले. शेजारी मामाही उभे राहिले. टॉवेल खाली पडला. त्यांचा हात वर गेलेला मी पाहिला. ते हसत होते.

टोला पडला.

त्या स्टेडियममध्ये शंभर आवाज होते. आमच्या पोरींना त्यांतला एकच ओळखीचा. पाची जणींचे हात खाली आले. शीतलचे सगळ्यांच्या आधी. समोरच्या मुलीला काही उमजेना. तिनं पंचांकडे पाहिलं. शिट्टी झालेली नव्हती. मग ती जवळजवळ चालतच आमच्या जाळीखाली गेली आणि तिनं चेंडू आत टाकला. आमच्या पोरी भानावर येईपर्यंत पाटीवर शून्य लागलं होतं.

अण्णांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. दोनच. मग त्यांचे हात तसेच राहिले.

*

सर तक्रार करायला टेबलापाशी गेले, मी मागोमाग. तिथल्या माणसानं छापील नमुना पुढं केला. त्यात पहिलाच रकाना होता : 'तक्रार कोणाविरुद्ध.' सर पेन उघडून माझ्याकडे वळले.

"भाऊसाहेब, अपने किसन का नाम कैसे लिखू, बोलो."

कोरा नमुना त्यांनी परत दिला.

गावात शिरलो, तर हलगी आणि गुलाल तयार. राज्यात दुसरा नंबर म्हणजे आमच्याकडे लहानसहान गोष्ट नव्हे. इतक्या लांब जाऊन हरणारं गावातलं तोवर कुणीच नव्हतं. पोरींना खांद्यावर घेतलं. मामा टेम्पोत बसून राहिले, मिरवणूक चावडी ओलांडून गेली तरी. मी ऑफिस उघडलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'घंटा परत मिळाली. स्थिती चांगली.'

*

त्यानंतर मामांनी हातोडी धरली नाही. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. हेडमास्तरांनी विजेची घंटा बसवली आणि तो विषय मिटला, असं शाळा धरून चालली.

सराव पुन्हा सुरू झाला त्या सकाळी शीतलनं सरांना सांगून टाकलं, मामा वाजवतील तेव्हाच आम्ही थांबू. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सरांनी शिट्टी वाजवली. पोरी थांबल्या नाहीत. मामांनी पाण्याची घागर आणून कडेला ठेवली, वर झाकण ठेवलं, आणि पितळी घंटेकडे पाठ करून बसले. विजेची घंटा झाली, वर्ग भरले, प्रार्थना झाली. पोरी खेळत होत्या. मी उगाच मामांना म्हणालो, एकदा वाजवून टाका. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी शीतलच्या पोटरीत गोळा आला आणि ती खाली बसली, म्हणून खेळ थांबला. मामा उठून तिचा पाय चोळायला लागले. अण्णांनी त्या दिवशी ट्रॉली रिकामी न करताच परत नेली.

*

मामा आणि मी एकाच वर्षी निवृत्त झालो. महिन्याभरात ते घरी आले.

"भाऊसाहेब, पोरींनी खेळ सोडला न्हाई. म्या सोडवला. तेवढं कागदावर आणा. अन् लिहा, नऊ सेकंदाचाच सवाल हाय."

मी आणलं. पहिली विचारणा आली : अर्जदार खेळाडू आहेत, प्रशिक्षक की पंच? मी 'प्रेक्षक' असं लिहून पाठवलं. असा प्रकार त्यांच्याकडे नसावा, कारण मग दोन वर्षं काहीच आलं नाही. नंतर त्रुटी निघाली : संघातील सर्व दहा खेळाडूंची लेखी संमती जोडावी. लिहिणाऱ्या क्लार्कचा हेतू मी ओळखला. असं लिहिलं की माणूस दमतो आणि फाइल बंद होते. त्याच्या जागी मीही हेच लिहिलं असतं. फक्त त्यानं मामांना पाहिलेलं नव्हतं.

मामा एसटीनं फिरले. एक पोरगी जालन्याला नर्स झालेली, एक पोलिसभरतीच्या तयारीत, एक पुण्यात कंपनीत. पुणेवालीनं कंपनीच्या दारात उभ्या उभ्या सही केली आणि विचारलं, बूट कोणते आणायचे? नाही कुणीच म्हणालं नाही. नऊ सह्यांना सारं वर्ष गेलं. राहिली शीतल. तिला मंठ्याला दिली होती.

*

मंठ्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा दिला, तो तसाच राहिला. सांगत होते, शीतलनं ओळखलं, वाकून नमस्कार केला, कडेवरचं बाळ सासूकडं देऊन अर्ज हातात घेतला. दोनदा वाचला. मग म्हणाली :

"मामा, मला त ती घंटा ऐकूच आल्ती न्हाई. मला वाटलं, जितलो आपण. म्हणून थांबले."

मामांनी विचारलं, मंग ह्या अर्जाचं काय करायचं? शीतलनं पेन मागितला आणि सही करून दिली.

मामांनी ती संमती माझ्यापुढं ठेवली. मजकुराखाली एकदा, कागदाच्या उलट्या बाजूला एकदा, अशा दोन्ही ठिकाणी तिनं सही केली होती.

"भाऊसाहेब, तुम्ही माझ्या बाजूलाच उभे होते," मामा म्हणाले. "न्हाई का हो आली असंल ऐकू तिला?"

मी फाइल बांधायला घेतली होती. कागद वाढले होते, नाडी आखूड पडत होती. गाठ बसायला वेळ लागला.

दहाही संमतीपत्रे जोडून प्रकरण फेरसादर केले आहे. अर्ज प्रलंबित आहे.