‘ध्रुवयान’चा तेविसावा भाग

ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन आष्टीतल्या एका लहानशा वाचनालयात बावीस वर्षे काढणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. राजानंद मगरे यांना ते ठाऊक होते आणि त्यांनी ते वरिष्ठांना वेळोवेळी लेखी कळवलेही होते. उत्तर आले नाही, ही गोष्ट वेगळी.

सध्या त्यांच्या मानगुटीवर ‘ध्रुवयान’ बसले होते. ही दूरचित्रवाणीवरची जुनी अंतराळमालिका. तिच्या लोकप्रियतेवर प्रकाशकाने कादंबऱ्यांची रांग लावली होती. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव मुंगीएवढे आणि ‘मालिकेवर आधारित’ हे शब्द ठळक. आधीच्या ग्रंथपालाने नोंदवहीत एका ओळीत हात झटकले होते : ‘लेखक – आधारित. भाग १ ते ४१.’ मगरे सरांनी आता प्रत्येक पुस्तकाचे स्वतंत्र कार्ड केले. पुस्तके मात्र चाळीसच. बाविसानंतर एकदम चोवीस.

तेविसावे कोणी लांबवले, याचा निकाल सरांनी सहा वर्षांपूर्वीच लावला होता. बाविसावे शेवटी नेले होते कारभारी या सभासदाने; म्हणजे तेविसावेही त्यांच्याकडेच. सरांनी त्यांचे सभासदत्व गोठवले आणि अकरा स्मरणपत्रे धाडली. पुढे कारभारी वाचनालयाचे अध्यक्ष झाले. ज्याला पुस्तक मिळत नाही त्याला पद मिळते, ही आपल्याकडची रीतच.

“शनिवारी पूर्ण संच दाखवा,” अध्यक्षांनी बजावले, “न्हाईतर कपाट रिकामं करा. पोरं भरतीची पुस्तकं मागून राह्यली.”

“चाळीस पुस्तके रद्दीत घालायची?”

“मंग अर्धवट संचाची आरती करता का?”

शनिवारी सर चाळीस पुस्तके मांडून अध्यक्षांसमोर अपराध्यासारखे उभे होते. इतक्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाई पुस्तक बदलायला आल्या.

“तेवीस हुडकून राह्यले का, सर? ते निघालंच न्हाई.”

“कशावरून?”

“बाविसाव्यात शेवटी कप्तानाच्या खांद्यात भाला घुसतो. चोवीस उघडा बरं.”

सरांनी उघडले. पहिलेच वाक्य : ‘खांद्यातून रक्ताची धार लागली होती.’

“रक्त थांबलं न्हाई, तर मधी अख्खं पुस्तक कसं मावंल? छापणाऱ्यानं आकडा खाल्ला.”

“हे आधी का नाही सांगितलेत?”

“तुम्ही इचारलं कधी? तुम्ही वाचलं असंल, वाटलं मला.”

सरांनी त्यातले एक पानही वाचले नव्हते. वर्गीकरण करणे आपले काम, वाचणे सभासदांचे, असे त्यांचे शास्त्रशुद्ध मत होते. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. आता अकरा पत्रांचा सूड निघणार आणि कपाट जाणार!

कारभारींचे डोळे मात्र टेबलावरच्या चोविसाव्या भागावर खिळले होते.

“नंदाबाई,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “तो कप्तान मेला का वाचला?”

“मी न्हाई सांगत. वाचा की.”

“कसं वाचू? सहा वर्षं झाली, ह्यांनी माझं कार्ड दाबून ठेवलंय!”

सरांनी तेविसाव्या भागाच्या कोऱ्या कार्डावर ‘प्रकाशित नाही’ असे लिहिले. मागच्या बाजूला, अंमळ थांबून, ‘चूक माझी. रा. मगरे’. आयुष्यात प्रथमच ते तक्रारीखेरीज काही लिहीत होते. कार्ड खुणेसाठी चोविसाव्यात घालून त्यांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि ते कारभारींपुढे सरकवले.

कारभारींनी कार्ड वाचले, खिशात टाकले.

“कपाट ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “अजून एक्केचाळीसपर्यंत जायचंय.”