कपाटातले मुरमुरे

चळवळीची पत्रकं लिहिताना मी पहिल्या ओळीतच आरोप करते. इथेही तेच करते: त्या दिवशी भाऊंची स्क्रीन वाहून गेली ती माझ्यामुळे.

भाऊंचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आलापल्लीत, एका खोलीचं. एटापल्लीकडच्या एका गावात बांबू कोणी विकायचा यावर ग्रामसभा भरायची होती. मागच्या खेपेला मी कागदी सूचना चिकटवल्या होत्या. पावसात त्यांचा लगदा झाला आणि तालुक्याच्या साहेबांनी येऊन सांगितलं की सूचना कुठे दिसलीच नाही, सभा ग्राह्य धरता येणार नाही. अख्खं गाव पावसात बसून राहिलं आणि हा माणूस छत्री मिटून जीपमध्ये चढला. म्हणून या वेळी कापडी फलक हवे होते. ते लावायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, म्हणजे चारची बस गाठायचीच होती.

मी सकाळी आठलाच पोचले. आतल्या खोलीच्या खिडकीला काळं कापड, वर एकच पिवळा बल्ब. त्या उजेडात सगळं मधात बुडाल्यासारखं दिसायचं. भाऊंनी फ्रेमवर ताणलेल्या जाळीला उजेडाने घट्ट होणारा हिरवा लेप लावला आणि ती कपाटात आडवी ठेवली, छापायची बाजू खाली. कपाटाला मागून भोक पाडून छोटा पंखा बसवला होता. त्याचा वारा जाळीवर थेट येत नव्हता, खालून सरकत जात होता. त्यांचं म्हणणं, पावसाळ्यात लेप तापवला की बिघडतो, हवा तेवढी चालती ठेवायची. खालच्या फळीवर स्टीलच्या ताटलीत मूठभर मुरमुरे होते. ते कशाला, हे मी विचारलं नाही.

भाऊ शाई आणायला गेले. मी पहाटेपासून उपाशी होते. कपाट उघडलं आणि मुरमुरे खाऊन टाकले. पार सादळलेले, चामट. मग लाज वाटली म्हणून पिशवीतल्या पुड्यातले ताजे मुरमुरे ताटलीत भरून ठेवले.

भाऊ आले. त्यांनी ताटलीतला एक दाणा दाताखाली धरला. कुर्र वाजलं. त्यांनी स्क्रीन काढली, त्यावर अक्षरांची फिल्म ठेवली, दिवा दाखवला, मग पाणी सोडलं. पाण्याने फक्त अक्षरं मोकळी व्हायला हवी होती. पण सगळाच हिरवा लेप सायीसारखा घसरत मोरीत गेला.

मी लगेच वीज खात्यावर घसरले. व्होल्टेज नाही, जंगलातली माणसं म्हणून आम्हाला उरलीसुरली वीज देतात, वगैरे. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, आणखी एक दाणा चावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ताटलीतले मुरमुरे तुमी खाल्ले काय?"

"सादळले होते भाऊ. म्हणून ताजे ठेवले."

"सादळले होते म्हनूनच ठेवले होते न. ते नरम हायेत तवरक लेप वल्ला. वाऱ्यानं पुन्हा कुरकुरीत झाले का मंग स्क्रीन काढाची."

वीज खातं तिथेच सोडून मी पाण्याची बादली पुढे केली.

त्यांनी जाळी धुतली आणि माझ्या मागच्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन ती टिपून काढायला लागले. मी बघतच राहिले. माझी जळजळीत वाक्यं ओली होऊन जाळीला चिकटत होती. "तुमचे पत्रक लय कामाचे हायेत ताई," भाऊ म्हणाले, "पानी कसं पेतेत पाहा." पंख्यावर जाळी वाळली. मग लेप, या वेळी पातळ, एकेकच हात. पुन्हा कपाट, ताटलीत डब्यातले सादळलेलेच मुरमुरे, आणि मला शेजारी स्टूल. बसायचं आणि कपाट उगाच उघडायचं नाही.

अशी स्वस्थ मी कधी बसलेली नाही. पत्र्यावर पाऊस, कपाटात पंख्याची गुणगुण. भुंगा कुठल्या तरी फुलात अडकून राहावा तशी. पिवळ्या उजेडात डोळे जड झाले. वाटलं, भिंतीपलीकडचं सागाचं रान असंच आपल्या पानांखाली हवा चालती ठेवून उभं आहे, आणि उन्हाळ्यात अंगणात मोहफुलं वाळायला पसरून बसणाऱ्या बायाही अशाच, फुलांना हात न लावता, नुसत्या शेजारी. किती वेळ गेला कळलं नाही.

अडीचला भाऊंनी ताटली माझ्यापुढे धरली. "तुमीच सांगा."

दाणा दाताखाली दबला. जरासा वाजलाही. बस चारची. हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाई भाऊ. अजून नरम आहे."

ते मानेनेच हो म्हणाले आणि कपाट लावलं. तीनला दाणा फुटला, स्वच्छ.

पाण्याखाली अक्षरं एकेक करून उघडली. वीस फलक छापायचे होते, पाच झाले. शाई ओली, घडी घालता येईना, तसेच घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर कुरकुरला, पण एका बाईने आपणहून एक कोपरा धरला, मग मागच्या सीटवरच्यांनी. एटापल्लीपर्यंत पाच फलक माणसांच्या हातांत ताणलेले, खिडकीचा वारा त्यांच्या खालून जात होता.

उजेड असतानाच ते गावात बांधले. पाचच काऊन, असं बायांनी विचारलं तेव्हा मुरमुऱ्यांचं खरं ते सांगितलं. त्या हसत होत्या तेवढ्यात पाऊस आला. पाणी अक्षरांवरून ओघळत राहिलं, आणि आम्ही छपरीतून ती वाचत राहिलो.